हिराबाईंची कढत पेज

हिराबाईंनी एकतीस वर्षं तंजावरच्या एका इस्पितळात कात्र्या-चिमटे उकळले. जंतू म्हणजे मारायची वस्तू, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. त्यामुळे शेतकी खात्यात लागलेल्या भाचीने, साईप्रियाने, काळ्या भुकटीची पुडी हातात ठेवली तेव्हा त्यांनी ती लांब धरली.

"आत जिवंत आहेत?"

"हो आत्या. उडदाच्या मुळांत घर करतात, हवेतला नत्र पिकाला देतात. थंड पेजेत कालवून बियाण्याला चोळायचं."

"फुकट देतात?"

"झाड त्यांना साखर देतं."

"पहिल्या साली साखर. दुसऱ्या साली काय मागतील?"

तिरुवैयारूजवळ त्यांचं दीड एकर. भात कापायच्या आठ दिवस आधी ओल्या चिखलात उडीद फेकायचा, त्यावर वर्षाची इडली. बियाणं सासूपासून चालत आलेलं, दुसरीकडे कुठे नव्हतं. ते नासलं तर वाणच संपणार.

हिराबाईंनी दाराला कडी घातली. मूठभर भुकटी वाटीत घेतली आणि चुलीवरची उकळती पेज तिच्यावर ओतली. काही वळवळत असेल तर निदान शिजलेलं असेल. निवल्यावर बियाण्याला चोळलं. उरलेली पुडी साईप्रियाला परत दिली. "घे गे तुझी पिल्लं."

महिन्याने रोपं पिवळट पडली. हिराबाईंनी तिला शेतावरच बोलावलं. "बघ तुझे जंतू!"

साईप्रियाने एक रोप उपटलं. मुळावर जंतूंच्या घराच्या जेमतेम दोन गाठी. "पेज थंड होती ना?"

"चांगली कढत होती. खबरदारी नको?"

"ऐयो आत्या, त्यांची इडलीच केलीस की!"

"आता बरा विनोद सुचतोय तुला."

साईप्रियाने त्यांना बांधाच्या कोपऱ्यात नेलं. पेरणीच्या दिवशी त्यांच्याच टोपलीतला मूठभर उडीद उरलेली पुडी चोळून तिने तिथे टाकला होता. तिथली पानं गर्द हिरवी.

"तू हात लावू नको, मी उपटते." हिराबाईंनी मुळं कालव्यात धुतली. मोहरीएवढ्या गाठी दाटल्या होत्या. एक नखाने फोडली. आत गुलाबी.

"रंग लावलास?"

"गाठीच्या आत? जंतू कामाला लागले की ती अशी गुलाबी होते."

 हिराबाईंनी कोपऱ्यात एक काठी रोवली आणि पदराच्या काठाची चिंधी फाडून तिला बांधली. "इथला दाणा खायचा नाही. बियाण्याला ठेवायचा."

पुढच्या साली पेज त्यांनी सकाळीच काढून ठेवली. दुपारी तान्ह्याच्या दुधासारखा थेंब मनगटावर टाकून पाहिला. मग साईप्रियाचंही मनगट पुढे ओढलं.