अध्यक्ष सतरंजीवर बसले

आमच्या कॉलनीत एक शेजारी आहेत, कॉलेजजवळ झेरॉक्सचं दुकान चालवतात. राज्यशास्त्राच्या नोट्स काढता काढता ते वाचत बसतात आणि गिऱ्हाइकाला अडवून विचारतात, "राजाला देवानं न्हाय, लोकांनीच नेमलंय. युरोपातल्या शहाण्यांनी कवाच लिवून ठेवलंय. खरं हाय की न्हाय?" समोरचा "व्हय" म्हणेपर्यंत कागद सोडत नाहीत. मला त्याचा वैताग यायचा.

कॉलनीचे अध्यक्षही तेच. त्यांनी सामाईक बोळात पत्र्याची शेड मारली आणि माझ्या आईची व्हीलचेअर बाहेर काढता येईना. मी भीतभीतच तक्रार दिली. बैठकीत तेच खुर्चीवर दिसल्यावर मी आशाच सोडली.

त्यांनी माझा अर्ज मोठ्यानं वाचला, चष्मा काढला आणि सरळ सतरंजीवर माझ्याशेजारी येऊन बसले. मग समोर बसलेल्या निवृत्त शिक्षिका बाईंकडं वळून म्हणाले,

"नियम म्या केला, राबवतोय बी म्याच. आता माझाच न्याय बी म्याच करू व्हय? मग त्यो राजा काय वाईट हुता? बाई, तुम्ही बसा खुर्चीवर."

बाईंनी सगळ्यांना विचारून निकाल दिला, शेड काढायची.

"मला न्हाय पटलं," ते गरजले. "पर निकाल म्हंजे निकाल."

सकाळी खडखडाट ऐकून बाहेर आलो. ते स्टुलावर चढून पत्र्याचे बोल्ट सोडवत होते.

"बघताय काय सर? स्टूल धरा की!"

किती दिवसांनी मी मोकळेपणानं हसलो, आणि स्टूल घट्ट धरलं.