चांदणी नावाची सायकल

परवा अमरावतीत एक सायकल रेस बघितली. नातीच्या कॉलनीतली... हेल्मेट, गॉगल, चकाचक कपडे. मुलं जोरात गेली, जोरात आली, गळ्यात मेडल घालून फोटो काढले. सगळे खुशीत होते आणि मी खुर्चीवर बसून रडत होते. नातीला वाटलं, आजीला ऊन लागलं.

ऊन नव्हतं गं बाई... तोंडाने सांगायला जमत नाही, म्हणून इथे लिहिते.

मी लहान होते तेव्हा वऱ्हाड सीपीत, म्हणजे मध्य प्रांतात होतं, इंग्रज साहेबाचं राज्य होतं. साहेबलोक घोड्यांच्या शर्यती लावायचे आणि आमच्या लोकांनी त्या कुंपणाबाहेरून बघायच्या. मग अकोल्यातल्या पोरांनी आपली स्वतःची रेस काढली... सायकलींची. तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडाचे बैल मिरवतात ना, तसे हे सायकलींचे घोडे.

खेळ अगदी रीतसर चालायचा. हँडलला लगाम, मडगार्डला घुंगरू, आणि सुटायच्या आधी सायकलीपुढे टोपीत भिजवलेला हरभरा धरायचा. चालवणारा तो जॉकी. त्याच्या घरातलं मोठं माणूस फेटा बांधून कडेला उभं राहायचं, तो घोड्याचा मालक. लोक हसून हसून बेजार व्हायचे.

अकोल्याच्या वेशीबाहेर आमचा भाजीचा आणि फुलांचा मळा होता. चांदणी नावाची घोडी होती आमची, वांग्या-झेंडूच्या पाट्या लादून बाबा तिला बाजारात न्यायचे. एका पावसाळ्यात बाळापूरच्या रस्त्यावर चिखलात अडकून तिचा पाय मोडला. तिला गोळी घालावी लागली.

तेव्हापासून बाबा बोलेनासे झाले. जेवायचे, मळ्यात राबायचे, पण तोंडातून शब्द नाही. आई समोर बसून विचारायची, "काई दुखते का तुमचं?" ते नुसते बघायचे... आई पार खचली होती.

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, वाटलं की बाबांना एकदा हसवलं म्हणजे सगळं ठीक होईल. त्याने भाड्याने सायकल आणली, रेसमध्ये नाव दिलं, मालक म्हणून बाबांना उभं केलं. आणि सायकलीचं नाव ठेवलं... चांदणी. हे त्याला सुचलं कसं, मला आजही कळत नाही. मायेपोटीच सुचलं असणार.

नाव पुकारलं तेव्हा बाबांनी मान वर केली. मला वाटलं, झालं... आता हसतील.

पाऊस पडून गेला होता आणि खाली आपली काळी माती. पहिल्याच वळणावर दादा घसरला. तो उठला, पण पुढचं चाक पार वाकलं होतं.

आता या खेळात एक रीत होती, सगळ्यांच्या आवडीची. सायकल मोडली की पंच लाकडी बंदूक घेऊन यायचा आणि अदबीने विचारायचा, "मालक, परवानगी?" मालकाने डोळे पुसत हो म्हणायचं. मग पंच बंदूक रोखायचा, मागून कोणीतरी घासलेटच्या डब्यावर काठी हाणायचं... घोडा मेला. टाळ्या.

दादाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. चिखलात उभा राहून तो पांढराफटक पडला. पंचाला आमच्या घोडीचं काही ठाऊक नव्हतं, त्याने बिचाऱ्याने नेहमीसारखं विचारलं.

बाबा चालत गेले आणि सायकलीजवळ बसले. चाकावरचा चिखल हाताने पुसायला लागले.

"नाई," ते म्हणाले. किती दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला मी. "मारू नका तिले. उभी राईल थे."

मैदान खदखदून हसलं. असा मालक आजवर कोणी वठवलाच नव्हता ना... पंचाने पुन्हा विचारलं तर बाबा सायकलीवर आडवे झाले. लोकांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. जिंकणाऱ्याचा हार त्या दिवशी बाबांच्या गळ्यात पडला.

बाळापूरच्या रस्त्यावर ढोरांच्या डॉक्टरने बाबांना हेच विचारलं होतं आणि बाबा हो म्हणाले होते. त्या मैदानात हे फक्त आम्हा दोघा भावंडांना माहीत होतं.

घरी येताना बाबा सायकलीचं पुढचं चाक उचलून धरून चालत होते. वाटेत जनावरांच्या पाण्याच्या हौदापाशी ते थांबले. दादा रडत म्हणाला, "बाबा, सायकल हाय थे."

"मले मालूम हाय," बाबा म्हणाले. "थांब जरासा."

आम्ही थांबलो. ते पाण्याकडे बघत राहिले, गळ्यात हार तसाच.

पुढे ते थोडंफार बोलायला लागले, पण कामापुरतं. घोडी पुन्हा घेतली नाही, पाट्या स्वतःच्या डोक्यावरून नेल्या. आणि बाजारात लोक त्यांना अडवायचे, "बुवा, काय सोंग केलं होतं तुमी... पुन्हा करून दाखवा ना एकदा." बाबा मान हलवून पुढे जायचे.

मला राग कोणाचाच नाही... कोणावर धरणार? पण एक विचार अजून जात नाही. एवढ्या माणसांत एखादं जरी हसायचं थांबलं असतं, तर बाबा त्याच्याजवळ बसून रडले असते. कोणीच थांबलं नाही.