म्हशीच्या मोलाचा डूल

आमची मंडळी मरायच्या आदल्या दिवशी, दिवस कलताना, ती आणि मी ओसरीवर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसलो होतो. मी म्हणालो, शेंगा किडक्या निघाल्या की गं. ती म्हणाली, "नाय, उद्या येतो म्हणला." कोण येतो, कोण म्हणला, देवाला ठाऊक. कानाचं मशीन आत कपाटात, लुगड्याच्या घडीत सुखानं निजलेलं. अख्खा मराठवाडा पालथा घातला तरी अशी दुसरी बाई सापडायची नाही, जिनं म्हशीच्या मोलाचं मशीन घेतलं आणि ऐकणं सोडून बाकी सगळ्या कामाला वापरलं. मी चौथी शिकलेला माणूस, मला गोड लिहिता येत नाही. तिचं तेरावं होऊन महिना झाला, तरी माझा राग उतरला नाही, म्हणून लिहितो.

म्हशीच्या मोलाचं म्हणतो ते उगा नाही. दावणीला दोन म्हशी होत्या, त्यातली एक खरंच विकली. हिचे कान जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती, आणि तेवढ्या वर्षांत ओरडून ओरडून माझा गळा पार हलगी झाला होता. मी घरात मेथी कर म्हणालो की चार घरं सोडून लोकांना कळायचं, यांच्याकडं आज मेथी. पोरगं शेंद्र्याला कंपनीत कामाला. ते म्हणालं, अण्णा, मशीन घेऊ. मग करमाडहून जीप धरून शहरात गेलो, गुलमंडीच्या पलीकडं एका दुकानात हिचे कान तपासले. किंमत ऐकून मीच दोन घोट पाणी प्यालो. हिला ती ऐकू आली नाही, बोटांवर दाखवावी लागली. त्यावर ती त्या दुकानदारादेखत म्हणाली, "म्हैस दोन टाइम दूध देती. हे काय देतं?" मी म्हणालो, ऐकायला देतं. ते तिला ऐकू आलं नाही.

आणलं त्या दिवसापासून तिनं त्याचं नाव डूल ठेवलं. कानात घालायची वस्तू आणि एवढी महाग, म्हणजे दागिनाच की, असा तिचा हिशेब. ठेवायची नथीच्या डबीत, आणि डबी लुगड्याच्या घडीत. घालायची लग्नाकार्यात. तेही बंद करून, कारण सेल उगा जळायला नको. पडेगावला भाच्याच्या लग्नात डोक्यावरचा पदर मुद्दाम मागं सारून चारचौघीत मिरवली, आणि सगळ्या बाया तिच्याशी बोलल्या तर एकीचंही हिला कळलं नाही. मी चिडलो, तर म्हणते, दिसलं ना सगळ्यांना, झालं की. पण कहर केला तो खंडेनवमीला. आमच्यात त्या दिवशी नांगर, कुळव, विळे, पोराची मोटारसायकल, सगळ्याची पूजा होते. हिनं विचार केला, मशीन म्हणजे अवजारच. पाटावर मांडलं, पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल. ते कुंकू बारक्या भोकात जाऊन बसलं आणि मशीन मुकं झालं. दुकानदारानं ब्रशानं लाल भुकटी झटकली आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "चाचा, ये पूजने की चीज नै, पैनने की है." आता ऐकू हिला येत नाही, पूजा हिनं केली, आणि बोलून घेतलं मी. घरी येऊन सांगितलं तर म्हणते, मग काय झालं, बरकत येती.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण घरात, माझ्यापाशी, ती ते घालायची नाही, हे मला लागायचं. आमचं आता उरलं होतं काय? दोघं जण आणि एक म्हैस. दिवसभरात चार शब्द बोलायचे, तेही भिंतीशी बोलल्यागत. शेवटी एकदा मी हट्टालाच पेटलो की कारण सांग. तेव्हा तिनं पहिल्या दिवसाची गोष्ट काढली. दुकानातून निघून आम्ही जीपमध्ये बसलो, मशीन तिच्या कानात चालू, आणि मी नेहमीसारखं विचारलं होतं, आता येतं का ऐकू. जीपमधली सगळी माणसं वळून बघायला लागली. हिनं दोन्ही हात कानांवर ठेवले. मला वाटलं होतं, नवं आहे, टोचत असंल.

"टोचलं नाय," ती म्हणाली. "इतकी वर्षं तुमचा आवाज मला लांबून, बारीक यायचा. मला वाटायचं, म्हातारपणी माणूस किती मायेनं बोलाय लागला. डूल घातला आन् कळलं, तुम्ही तर खेकसताय."

हिच्यासाठी ओरडून गळा फोडला, आणि खेकसतो म्हणून नाव माझंच.

तर त्या दिवशी, शेंगा सोलताना, मी उठलो, कपाटातून डबी आणली आणि तिच्या मांडीवर ठेवली. तिला काय ते कळलं. माझ्या तोंडाकडं बघत ती म्हणाली, "आधी तुम्ही हळू बोलाय शिका. उद्या सकाळी माझ्या कानात डूल घालून मला हळू आवाजात उठवा. जमलं तर दिवसभर काढायची नाय, आईशप्पत."

मी म्हणालो, जमवतो. भिंतीपलीकडून शेजारीण म्हणाली, "जमवा, भाऊजी."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या आधी उठलो. थंडी होती. गोठ्यात जाऊन म्हशीपुढं आधी सराव केला. पहिल्या हाकेला तिनं दावं ताणलं, तिसऱ्या-चौथ्या हाकेला नुसता कान हलवला, तेव्हा जमलं म्हणायचं. घरात आलो. ही अजून भिंतीकडं तोंड करून निजलेली. एवढा वेळ ती कधी निजत नाही. म्हटलं, ढोंग करती, परीक्षा बघती. मशीन चालू करून तिच्या कानात बसवलं. कान गार होता. मी वाकलो आणि, अगं, ऊठ, चहा मी टाकतो, असं म्हणालो. एवढ्या हळू मी लग्नाच्या रात्रीही बोललो नव्हतो. ती हलली नाही. मला वाटलं, सेल संपला. मशीन काढलं, नवा सेल घातला, मुठीत दाबून बघितलं; चालू असलं की शिट्टी मारतं, असं दुकानदारानं शिकवलं होतं. त्यानं शिट्टी मारली. मशीन चांगलं होतं.

ते मी परत तिच्या कानात घातलं आणि शेजारीण येईपर्यंत तिच्याशी हळू बोलत बसलो.