चक्कर न आलेला माणूस

डॉक्टरांनी विचारलं आबांना, म्हणजे माझ्या वडलांना. उत्तर दिलं मी. आमच्याकडं म्हाताऱ्या माणसाला डॉक्टराशी बोलायचा त्रास देत नाहीत.

"कधी चक्कर येऊन पडलात का?"

"छे हो साहेब! आमचे आबा म्हणजे दगड." दगडानंही समाधानानं मान हलवली.

आम्ही परभणीला आलो होतो मोतीबिंदूसाठी. ऑपरेशनआधी नाडी बघितली तर ती फारच संथ, म्हणून या हृदयाच्या डॉक्टरांकडं धाडलेलं. ते म्हणाले, "नुसती नाडी संथ म्हणून पेसमेकर बसवत नाहीत. शेळ्यांमागं चालणारा माणूस आहे. त्रास काहीच नसेल तर जा घरी."

मी उठलोसुद्धा. बायको उठली नाही. ती आबांना मामा म्हणते.

"मामा तीनदा पडलेत साहेब. एकदा शेळ्या चारताना, एकदा ताडकळसच्या बाजारात, अन् परवा जेवता जेवता, बसल्या जागी."

"ती चक्कर न्हाई," मी तिला समजावलं. "नाकाला कांदा लावला की उठतेत. खरी चक्कर कांद्यानं जाती का?"

"कांदा नसता तरी उठले असते," डॉक्टर म्हणाले. "ठोका थांबतो, माणूस पडतो. ठोका सुरू होतो, माणूस उठतो. एखाद्या वेळी सुरूच नाही झाला तर?"

आता उभ्या जागी पडायची पाळी माझी होती.

दिवसभर छातीला यंत्र लावून बघितलं. हृदयाच्या वरच्या कप्प्याचा निरोप खालच्याला मधूनमधून पोचतच नव्हता. पेसमेकर ठरला. मग प्रश्न आला, त्याची हृदयात एक तार सोडायची की दोन? पेडगावहून आलेले चुलते म्हणाले, "दोन घ्या. एक तुटली तर एक ऱ्हाईल." माझ्या मेव्हण्याचं मत एकच: "म्हातारं माणूस, कशाला वजन?" हात वर करून मतं मोजायचीच तेवढी बाकी होती. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, वरचा कप्पा कायमचा नुसता थरथरत असता तर खाली एक तार पुरली असती. आबांचा वरचा चांगला चालतो, म्हणून दोन्हींचा मेळ राखायला दोन.

तेव्हा कुठं आबांनी तोंड उघडलं. "शेळ्या कोण बघायलंय?"

पेसमेकर बसला. घरी परतताना गाडीत मी एकेका पाहुण्याला फोनवर सांगत होतो, "वेळेवर लक्षात आलं, म्हणून आबा वाचले."

बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कुणाच्या लक्षात आलं, ते बी सांगा की."