मुठीएवढी जागा

शाळेत शिवण शिकवणाऱ्या बाईंना मुलं 'काजबाई' म्हणत. पाठीमागे, अर्थातच. बटणाच्या भोकाला, म्हणजे काजाला, टाका सरळ येईपर्यंत त्या तेच काज पुन्हा पुन्हा उसवायला लावत, म्हणून हे नाव. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

शिवणाच्या खोलीत कपाटाच्या मागे एक कोपरा होता. पाळी पहिल्यांदा आलेल्या मुली नेमक्या तिथे येऊन बसत. कारण शाळेत सुई-दोरा, जुनं कापड आणि फार न विचारणारं माणूस असं तिन्ही एकत्र फक्त तिथेच मिळे. त्यातल्या एकीने एकदा बाईंचा हात घट्ट धरून विचारलं होतं, "बाई, मी मरणार का हो?" बाई म्हणाल्या, "नाही गं," आणि पुढे काय सांगावं हे न सुचून त्यांनी तिचा कपडा धुऊन, इस्त्री करून दिला. मुलगी घरी गेली. बाईंना मात्र आपल्या त्या अर्धवट उत्तराची लाज वाटत राहिली.

तशी लाज बाकी कुणाला वाटत असल्याचं दिसत नव्हतं. विज्ञानाचे सर प्रजननाचा धडा आला की खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "हा घरी वाचून या." घरचे म्हणायचे, "शाळेत शिकवतील." भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. मोठ्यांची भीड आणि पोरं रस्त्यावरच्या ऐकीव गप्पांवर गुजराण करणार.

मग वरून आदेश आला की आठवीला शरीर आणि नातेसंबंध हा विषय शिकवायचाच. शिक्षकांच्या खोलीत एकदम सगळ्यांना वह्या तपासायची घाई झाली. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची ती काजबाईंनी, असं ठरायला चहा निवायलासुद्धा वेळ लागला नाही. त्यांचे तास कमी होते. विज्ञानाचे सर हसत म्हणाले, "पण बाई तर एकट्या राहिलेल्या. संसार केला नाही, त्या हे कसं शिकवणार?"

"काज शिकवायला मी स्वतः बटण असावं लागत नाही, सर," बाई म्हणाल्या. पुढचे काही दिवस सर त्यांच्या वाटेला गेले नाहीत.

नातेसंबंधांचा भाग बाईंना सोपा गेला. शिवणाच्या तासाला मुलं एकमेकांची मापं घेत, आणि तिथला त्यांचा नियम जुनाच होता: आधी विचारायचं, मग टेप लावायची. समोरचा 'नको' म्हणाला की टेप गुंडाळायची, तोंड वाकडं करायचं नाही. आधी 'हो' म्हणून मधेच 'नको' म्हणाला तरीही गुंडाळायची. बाईंनी आता एवढंच सांगितलं की हा नियम टेपपुरता नाही, माणसापुरता आहे. ते आठवीच्या वर्गाला चटकन कळलं. मोठ्यांना इतकं चटकन कळत असतं तर काय हवं होतं!

घोडं अडलं ते शरीराशी. बाईंना वाटलं, हातात घेता येईल असं काहीतरी हवं. नुसतं चित्र दाखवलं की मुलं चित्राला हसतात. म्हणून त्यांनी प्रयोगशाळेतला भिंतीवरचा तक्ता उतरवला, त्यावरच्या गर्भाशयाची टेपने बारकाईने मापं घेतली, कागदावर बेतून काढलं आणि गुलाबी अस्तराचं, आत कापूस भरलेलं गर्भाशय शिवलं. शिवण अशी की दृष्ट लागावी.

रविवारी भावजय घरी आली. दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होती ती. पलंगावरची ती वस्तू तिने उलटसुलट करून पाहिली.

"ताई, ही उशी कसली हो?"

"उशी नाही. गर्भाशय आहे."

भावजय मटकन खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अहो, यात तर मी झोपेन! माप कुणाचं घेतलंत?"

"तक्त्याचं," बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या.

"तक्ता मागच्या बाकावरून दिसावा म्हणून मोठा काढतात, ताई!" डोळे पुसत भावजयीने त्यांचा हात हातात घेतला आणि बोटं मिटवली. "एवढं. खरं तर तुमच्या मुठीपेक्षाही जरा लहानच."

बाई आपल्या मुठीकडे बघत राहिल्या. पन्नाशी उलटली होती आणि आपल्याच पोटातली वस्तू केवढी, हे त्यांना आज कळत होतं.

"आणि मूल?"

"त्यातच. ते वाढतं तसं हे ताणत जातं, पार छातीच्या पिंजऱ्यापर्यंत. आणि बाळंतपण झालं की थोड्या आठवड्यांत पुन्हा जवळजवळ एवढंच."

"पुन्हा एवढंच?" जन्मभर बाईंनी कापडं हाताळली होती. एकदा ताणलेलं कापड कधी पहिल्यासारखं होत नाही. गुडघ्याला फुगवटा येतो, कोपराला झोळ पडतो. "असं कापड मी पाहिलं नाही गं," त्या हळूच म्हणाल्या, आणि त्यांच्या अंगावर काटा आला. जगातली यच्चयावत माणसं, मुख्याध्यापक आणि विज्ञानाच्या सरांसकट, एवढ्याशा जागेतून आली होती!

त्यानंतरचे कितीतरी रविवार त्यांनी भावजयीला सोडलं नाही. बाळ कसं राहतं, कधी राहत नाही, का राहत नाही, सगळं खोदून खोदून विचारलं. आणि ताणणाऱ्या होजिअरीच्या कापडाचं नवं गर्भाशय शिवलं, मुठीएवढं. ते आठवीच्या वर्गात या हातातून त्या हातात फिरलं तेव्हा पहिल्या बाकावर खुसखुस झाली, दुसऱ्यावर कमी झाली, आणि शेवटच्या बाकापर्यंत वर्ग अगदी चिडीचूप होता. मुलं ते ओंजळीत धरत होती.

पण बातमी घरोघर पोचली. पालकसंघाचे अध्यक्ष, बाजारातल्या हार्डवेअर दुकानाचे मालक, तडक शाळेत आले. त्यांची मुलगी त्याच वर्गात होती.

"जे माझ्या आईसमोर बोलता येणार नाही, ते माझ्या मुलीसमोर बोलायचं नाही," त्यांनी ठणकावलं.

"मग आणा आईंना," बाई बोलून गेल्या.

मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. शेवटी ठरलं, की पालकसभेत बाईंनी तोच तास घ्यायचा. एक जरी पालक उठून गेला, तर विषय बंद. विज्ञानाचे सर म्हणाले, "झालं. आता पुन्हा घरी वाचून या." बाईंच्या डोळ्यांसमोर कपाटामागचा कोपरा आला.

सभेला अध्यक्ष खरोखरच आईला घेऊन आले. वाळकी, ताठ कण्याची म्हातारी, पहिल्याच खुर्चीत बसली. आणि बाईंना तेव्हा कळलं की तिला ऐकूच कमी येतं. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. हळू आवाजात निभावून न्यायची सोय संपली.

"कशाबद्दल आहे?" म्हातारीने विचारलं.

"गर्भाशयाबद्दल!" बाई ओरडल्या. सभागृहात खुर्च्या करकरल्या. एक बाप दाराकडे बघू लागला.

आता माघार नव्हती. मूल कसं राहतं, कुठे वाढतं, त्यांनी एकेक शब्द भर सभेत मोठ्याने सांगितला. मग पुढे होऊन ते मुठीएवढं कापड म्हातारीच्या तळहातावर ठेवलं.

"एवढंसंच?"

"एवढंच!"

म्हातारीने बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली. मग तिने बाईंना खूण करून जवळ बोलावलं आणि कानात विचारलं. निदान तिला वाटलं की कानात. ऐकू न येणाऱ्यांचं कुजबुजणं कसं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. शेवटच्या रांगेपर्यंत ते स्वच्छ पोचलं.

"माझं पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं. मी माळ्यावरचा डबा काढायला हात वर केले होते. सासूबाई म्हणाल्या, तूच घालवलंस. म्हणून गेलं का गं ते?"

अध्यक्षांनी मान वर केली. आपल्या आधी कुणी होतं, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं.

बाई गुडघ्यांवर बसल्या. "नाही, आजी!" त्यांना ओरडावंच लागलं. "हात वर केल्याने मूल जात नाही! इतक्या लवकर जातं तेव्हा बहुतेकदा त्याची घडणच मुळात जमलेली नसते! तुमची चूक नव्हती!"

"काय?"

"तुमची चूक नव्हती!"

"अजून एकदा सांग."

तिला ऐकू आलं होतं, हे बाईंना कळलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. सभागृहात कुणी हललं नाही. म्हातारीच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती, कारण तिचे दोन्ही हात त्या कापडाभोवती होते. मग तिने पुढचा प्रश्न विचारला, आणि मग त्याच्या पुढचा. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं ती शाळेतल्या पोरीसारखी विचारत होती, आणि बाई एकेकाचं उत्तर देत होत्या, सावकाश, मोठ्याने.

मुख्याध्यापकांनी घड्याळ पाहिलं, घसा खाकरला आणि अध्यक्षांकडे वळले. "तर मग, साहेब, विषय बंद करायचा की..."

अध्यक्षांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. त्यांची नजर आईवरून हलत नव्हती.

"थांबा, सर," ते म्हणाले. "आई अजून विचारतेय."