बाजारातल्या बायांनी जायचं कुठं?

आग लागो त्या कमानीला! शहापूरच्या बाजाराला जाताना ती दिसली, की माझं डोकं फिरतं.

माझी थोरली बहीण किन्हवलीकडच्या गावातून पहिल्या एसटीनं भाजी घेऊन बाजारात यायची. दिवसभर उन्हात बसायची, पण पाण्याचा घोट घ्यायची नाही. सगळ्याच जणी तशा. बाजारात बायकांना जायला जागाच नाही, मग प्यायचं कशाला? माझं घर तिथून लांब, आणि भाजी टाकून येणार कोण? शेवटी तिला लघवीतून रक्त जायला लागलं. डॉक्टरीणबाई मलाच ओरडल्या, "पाणी पाजा हिला, किडन्या जातील!"

तेवढ्यात निवडणूक आली. आमच्या वॉर्डातल्या उमेदवारानं बंगल्याच्या अंगणात हळदीकुंकू ठेवलं. मंडप भरलेला दिसावा म्हणून कार्यकर्त्यांनी बाजारातल्या बायांनाही उठवून आणलं. मसाला दूध दिलं, आणि वाण काय वाटलं? स्टीलची पाण्याची बाटली! बहीण ती उलटीपालटी करून हसत होती. मला मेलं हसू येईना.

मग साहेबांचं भाषण. शहराचा कायापालट करणार म्हणे! वेशीवर भव्य कमान, सेल्फी पॉइंट, जॉगिंग ट्रॅक, चौकाचौकांत रंगीत दिवे. मी उभीच राहिले.

"आणि बाजारात बायकांनी मुतायचं कुठं?"

मंडपात खुसखुस झाली. साहेब गोड हसले. "ताई, विषय चांगला आहे. पण त्या भगिनी बाहेरगावच्या. आधी आपल्या मतदारांचं बघू."

घ्या! बाजार यांचा, भाजी खाणारे यांचे, आणि बाई तेवढी बाहेरगावची! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. बहीण पदर ओढत होती, "बस गो, जाऊ दे." तिच्या कपाळावर घाम डवरला होता. दूध पिऊन बसलेली, तिला जायचं होतं. पण विचारील तर शपथ!

"चल," म्हटलं. तिचा हात धरला आणि भाषण चालू असताना साहेबांच्या समोरून थेट बंगल्यात शिरले. त्यांची बायको दारातच होती. "वहिनी, संडास कुठंय?" त्यांनी गडबडून बोट दाखवलं. बहीण आत गेली, मी दाराशी उभी राहिले. मागं बघते तर बाजारातल्या झाडून सगळ्या उठून आलेल्या! त्या चकचकीत फरशीवरून, पायऱ्यांवरून पार अंगणापर्यंत रांग.

साहेब भाषण सोडून धावत आले. "ताई, हे घर आहे! सार्वजनिक नाय!"

"मग सार्वजनिक कुठंय ते सांगा. आमी तिकडं जातो."

रांग संपेपर्यंत ते तसेच उभे.

पुढं ते निवडून आले, वेशीवर कमानही उभी राहिली; बाजारात संडास मात्र झाला नाही. बहिणीनं बाजार सोडला, घरी बसली. करणार काय, डॉक्टरीणबाईंनी तिला पाणी प्यायला सांगितलंय.