कुंपणाखालची मूर्ती

ब्रायडी गेली, त्याला दीड महिना झाला. माझी विहीण, आयर्लंडची. जायच्या आधी आठ दिवस हॉस्पिटलात तिनं माझा हात धरला अन् विचारलं, "शांता, ती मूर्ती तुझ्याकडंच आहे ना?" मी म्हणलं, "कुठली मूर्ती?" ती नुसती हसली... अन् डोळे मिटले.

मालक लवकर गेले. लंडनच्या विमानतळाशेजारी हाउन्सलोत विमानातल्या जेवणाचे ट्रे धुऊन मी एकटीनं सुजाताला वाढवलं. तिनं ब्रायडीचा पोरगा पसंत केला, तेव्हापासून बाईवर माझी नजर. लई गोड बोलायची. गोड बोलणाऱ्याचं मला भ्या वाटतं. लग्नाला आम्ही ब्रिस्टलला तिच्याच घरी उतरलो होतो. आदल्या संध्याकाळी खिडकीतून बघते, तर ही कुंपणाच्या झुडपाखाली काहीतरी ठेवतेय, इकडंतिकडं बघत. सकाळी चहाच्या आधी जाऊन बघितलं. वीतभर मूर्ती, तांबडा झगा, डोक्यावर मुकुट... अन् मुंडकं तुटून बाजूला. आम्ही बौद्ध, करणीबिरणी मानत नाही. पण पोटची पोर म्हणल्यावर ते तिथं ठेवून कसं चालेल? दोन्ही तुकडे टॉवेलात गुंडाळून बॅगेत तळाला घातले. दिवसभर पाऊस. ब्रायडी सारखी कुंपणापाशी जाऊन यायची अन् माझ्याकडं बघायची.

पुढं चार वर्षं तिच्या हातचं मी हुंगून खाल्लं. मग एकदा जेवताना कुणाच्या तरी लग्नाचं निघालं, तर तीच सांगायला लागली. त्यांच्यात आदल्या दिवशी बाळ येशूची मूर्ती बाहेर ठेवतात, लग्नाला ऊन पडावं म्हणून. तिचं डोकं आपसूक तुटलं, तर त्याहून मोठा शकुन नाही. सुजाताच्या वेळची कुणीतरी उचलून नेली, म्हणाली, म्हणून पाऊस. बोलताना नजर माझ्यावर. मला वाटलं, माझ्याकडून मूर्ती काढून घ्यायला गोष्ट रचतेय. सुजाता म्हणाली, "आई, खरंच असतं गं तसं." तरी घरी येऊन मी ते तुकडे तांदळाच्या डब्यामागं आणखी आत सरकवले. पोरीचा संसार नीट चालला. मी शकुन चोरला तरी कसा चालला, ह्याचाही मला संशयच.

पुढच्या महिन्यात नातीचं लग्न आहे. काल तांदळाच्या डब्यामागनं ते तुकडे काढून पुसले. सुनेच्या माहेरचे आम्ही हसू म्हणून ब्रायडी तेव्हा इकडंतिकडं बघत होती, एवढंच असेल... असेल. चिकटवणार नाही मी. आदल्या दिवशी कुंपणाखाली ठेवीन, मुंडकं बाजूला. कुणी बघितलं तर सांगीन, ब्रायडीची आहे, माझ्याकडंच होती.